हुंकारा देणारा राजकुमार

भाऊराव गिऱ्हेपुंजे अर्ध्या तासापासून एका छताच्या पंख्याला इतिहास शिकवत होते.

पंखा कोणाच्या घरचा होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी कॅमेरे चालू ठेवा, असं त्यांनी तासाच्या सुरुवातीला बजावलं, तेव्हा बहुतेकांनी नेटवर्कच्या नावानं बोटं मोडली. एकानं मात्र आज्ञा मानली, कॅमेरा चालू केला, फोन पलंगावर उताणा ठेवला आणि तो कुठंतरी निघून गेला. इतक्या काळ्या चौकटींमध्ये हलणारी वस्तू ती एकच, म्हणून भाऊराव तिच्याकडे बघून बोलत राहिले. मग त्या घरची वीज गेली. पंखा हळूहळू मंदावत थांबला आणि भाऊरावांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो.

भाऊरावांचे वडील तुमसरकडची शेती भावांच्या हवाली करून छत्तीसगढात, भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कामाला आले. भाऊराव शिकले आणि दुर्गच्या रस्त्यावरच्या एका खाजगी कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक झाले. गिऱ्हेपुंजे हे आडनाव इकडच्या पोरांच्या तोंडात मावेना, तेव्हा पोरांनी त्यातला सोयीचा तुकडा तेवढा ठेवला आणि ती त्यांना पुंजे सर म्हणू लागली. शिकवणं हिंदीतून. पण रंगात आले की मधूनच त्यांची हिंदी तुमसरच्या वळणावर जायची, आणि वर्ग खूश व्हायचा.

त्यांच्या शिकवण्यात एक खोट होती. त्यांना हुंकारा लागे. त्यांच्या गावाकडे गोष्ट सांगणारा एक असतो आणि हुंकारा देणारा एक असतो. हुंकारा थांबला तर सांगणाराही थांबतो, मग राजकन्या राक्षसाच्या तावडीत असली तरी तिनं तिथंच थांबायचं. छत्तीसगढी माणसंही याला हुंकारू म्हणतात, तेव्हा ही खोड दोन्हीकडची. भाऊरावांना तीस वर्षं हुंकारा दिला तो नूतनबाईंनी. सकाळी त्या पोळ्या लाटायच्या आणि हे दाराशी स्टुलावर बसून त्या दिवसाचा धडा म्हणून दाखवायचे. वाक्य संपलं की ओट्याकडून आवाज यायचा, "हं. मंग?" तेवढ्यावर भाऊराव सम्राट अशोकाला कलिंगातून बाहेर काढत. नूतनबाईंना स्वतःला कधी काही सांगायचं असलं, तर ते चहाच्या कपबश्यांबरोबर विसळून जायचं, कारण तोवर यांची कॉलेजची वेळ झालेली असे.

दिवाळीनंतर नूतनबाई गेल्या. चार दिवसांचा ताप आणि संपलं. होळीनंतर ती महामारी आली, कॉलेजला कुलूप लागलं आणि उरलासुरला वर्गही गेला. वैशाली नगरातल्या त्या दोन खोल्यांत आता भाऊराव होते, लॅपटॉप होता आणि लॅपटॉपच्या मागं, नजर वर उचलली की दिसेल असा, नूतनबाईंचा फोटो होता. फोटो हुंकारा देत नाही, हे कळायला त्यांना फार दिवस लागले नाहीत. तरी त्यांनी तो तिथून हलवला नाही.

अशात प्राचार्या सत्यशीला बाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या डोक्यावर व्यवस्थापन होतं. ज्या वर्गात विद्यार्थी प्रतिसाद देत नाहीत तो विषय तयार व्हिडिओंवर चालवायचा आणि शिकवणाऱ्याला मोकळं करायचं, असं वर ठरलं होतं. भूगोल आधीच गेला होता. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी मी तुमच्या वर्गात बसणार, निदान चार पोरं बोलताना दिसू द्या, पुंजे सर, असं त्या अगदी अजिजीनं म्हणाल्या. भाऊरावांनी फोन ठेवला. सकाळी उठून आंघोळ करावी, इस्त्रीचा शर्ट घालावा, असं एवढं एकच कारण त्यांना उरलं होतं, आणि ते शुक्रवारी जाणार होतं.

त्यांनी पीयूषला साकडं घातलं. पीयूष कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि ऑनलाइन शिकवणं प्रभावी कसं करावं याचं शिबिर त्यानंच घेतलं होतं. त्या शिबिरात भाऊराव दोन तास बसले होते आणि शेवटी त्यांचा माइक चालूच होता, एवढं त्यांना कळलं होतं.

"सर, तुम्ही एकटेच बोलत बसू नका," पीयूष म्हणाला. "इंटरॅक्शन पाहिजे. पोल घ्या. पोरांचे छोटे ग्रुप करा. नाव घेऊन विचारा. उनको लगना चाहिए की सर आपल्यालेच पाहून राहिले."

"मी त कधीचा पाहून राहिलो, बाबा. ते कुठं दिसून राहिले मले?"

पण भाऊराव कष्टाळू. त्यांनी पोल घेतला. धडा समजला का, हो किंवा नाही. धडा सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी हो दाबून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छोटे गट केले. पीयूषनं सांगितलेलं बटण दाबताच सगळी पोरं आपापल्या छोट्या खोल्यांमध्ये निघून गेली आणि मोठ्या खोलीत भाऊराव एकटे उरले. त्यांना परत कसं बोलवायचं ते पीयूषनं सांगितलं नव्हतं. भाऊराव तास संपेपर्यंत तिथं राखण करत बसले. पोरांना वाटलं, आज सरांनी लवकर सोडलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळे उपाय गुंडाळून ठेवले आणि नुसतं शिकवायला घेतलं. विषय होता छत्तीसगढचा इतिहास. नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत फौज घेऊन रतनपूरवर चालून निघाला, असं त्यांनी सांगितलं आणि सवयीनं ते थांबले.

"हं," लॅपटॉपमधून आवाज आला. "मंग?"

भाऊरावांनी आधी फोटोकडे पाहिलं. बराच वेळ ते फोटोकडेच पाहत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग पडद्यावर एक काळी चौकट उजळलेली त्यांना दिसली. तिच्यावर राजकुमार असं नाव होतं.

राजकुमार भिलाईजवळच्या मरोद्याचा, घरची बोली भाऊरावांच्याच गावाकडची. प्रत्यक्ष वर्गात तो कधी तोंड उघडल्याचं भाऊरावांना आठवेना. आवाजही घोगरा, खरखरीत आणि जरा चिरका होता. पण स्वस्तातल्या फोनमधून माणसाचा आवाज काय वाटेल ते रूप घेतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तहानलेला माणूस माठ कोणत्या कुंभाराचा ते विचारत नाही. ते पुढं बोलले, थांबले, आणि पुन्हा आवाज आला, "मंग?" त्या दिवशी भास्करपंताची फौज अशी काही दौडली, की इतिहासातही ती एवढ्या वेगानं गेली नसेल.

रोज तेच होऊ लागलं. भाऊराव पुन्हा सकाळी दाढी करू लागले. एकदा तास संपल्यावर त्यांनी मायेनं विचारलं, राजकुमार, तुझा घसा बसला आहे का? गरम पाणी पीत जा. चौकटीतून उत्तर आलं, "मंग?" पोरगा धड्यात इतका बुडाला आहे हे पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी पीयूषला सांगितलं, की वर्गात एक हिरा सापडला. पीयूषनं हजेरी काढून पाहिली. राजकुमार पहिल्या मिनिटाला येत होता आणि शेवटच्या मिनिटापर्यंत हलत नव्हता. असं त्या कॉलेजच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्या कोणाचंही नोंदवलेलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. भाऊराव जर हात जोडून गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शुक्रवारची धास्ती मोठी. हिरा ऐन वेळी घरंगळू नये म्हणून त्यांनी आदल्या दिवशी राजकुमारला फोन लावला. उद्या मॅडम बसणार आहेत, तू रोजच्यासारखा जातीनं हजर राहा, आणि कॅमेरा चालू ठेव, असं त्यांनी त्याला बजावलं. मग राजकुमार अगदी बारीक आवाजात "जी सर" म्हणाला. त्याचा घसा एका रात्रीत सुटल्याचं भाऊरावांच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी सत्यशीला बाई आल्या. त्यांच्या चौकटीत मागं पुस्तकांचं कपाट होतं. प्राचार्या आहेत हे पाहून काळ्या चौकटी अधिकच काळ्या आणि गप्प झाल्या. राजकुमारचा कॅमेरा चालू होता. केसांना तेल लावून, भांग पाडून, गच्चीवर नेटवर्क जास्त चांगलं येतं तिथं ऊन खात तो ताठ बसला होता. त्याला पाहून भाऊरावांना धीर आला आणि त्यांनी सुरुवात केली.

रतनपूरचा राजा रघुनाथसिंह म्हातारा झाला होता. त्याचा एकुलता एक मुलगा नुकताच गेला होता. राजाचं राज्यात लक्ष नव्हतं, कशातच नव्हतं. नागपूरची फौज वेशीपर्यंत आली. लोकांनी राजाला सांगितलं, महाराज, उठा. राजा उठला नाही.

भाऊराव थांबले.

काहीच आलं नाही. त्यांनी राजकुमारकडे पाहिलं. राजकुमारनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आदरानं मान खाली घातली. भाऊरावांनी वाक्य पुन्हा म्हटलं. राजा उठला नाही. पुन्हा थांबले. कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. भाऊरावांना पुढचं सगळं पाठ होतं, वीस वर्षं ते हेच शिकवत होते, पण हुंकाऱ्याशिवाय पुढचं वाक्य सुरू होईना. राजाप्रमाणे तेही उठेनात.

आपल्या शिबिराची लाज राखावी म्हणून, मदतीला वर्गात येऊन बसलेल्या पीयूषनं एका चौकटीतून आवाज बदलून हळूच "मंग?" म्हटलं. सत्यशीला बाईंनी त्याला ताबडतोब ओळखलं आणि पीयूष सर, आपण शांत राहा, असं सांगितलं.

"राजकुमार," भाऊराव शेवटी म्हणाले, "हुंकारा दे ना, बेटा."

"कौन सा, सर?"

"जो रोज देता है."

राजकुमारचा चेहरा पडला. आपली चोरी सरांनी पकडली आणि आता मॅडमसमोर आपल्याला सोलणार, असंच त्याला कालपासून वाटत होतं. त्यानं एका दमात सगळं ओकून टाकलं. "सर, सॉरी सर. मैं आज पहली बार आया हूँ. रोज हजेरी लावतो आणि फोन आजीसमोर ठेवून काकाच्या दुकानात जातो. आजी बिचारी दिवसभर अकेली. चित्र हललं की तिचा टाइम जाते. वो मंग-मंग आजीच करत असंल, सर."

आता मात्र वर्ग बोलला. इतके दिवस मुके असलेले चाळीस माइक एकदम उघडले आणि हसू फुटलं. पडद्यावर हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. प्रतिसाद म्हणावा तर असा प्रतिसाद त्या सत्रात दुसऱ्या कोणाच्याही वर्गाला मिळाला नव्हता. सत्यशीला बाई हसल्या नाहीत. पोरं शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, पुंजे सर, तुमच्या वर्गात नियमित येणारी विद्यार्थिनी एकच आहे, आणि तिचा प्रवेश झालेला नाही. मी वर काय सांगू? हे त्या इतक्या दुःखानं म्हणाल्या, की भाऊरावांनाच त्यांची कीव आली. सोमवारपासून इतिहास व्हिडिओवर गेला.

त्या रविवारी भाऊरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मास्क लावला आणि स्कूटर काढून ते मरोद्याला गेले. कशाला गेले, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. राजा बिछान्यात पडलेला आणि फौज वेशीवर, असा धडा अर्धवट सोडून जाणं त्यांच्या पिढीच्या मास्तराला जमत नाही, एवढं खरं.

राजकुमारनं दारात त्यांना पाहिलं आणि तो पांढरा पडला. तक्रार करायला आलो नाही, असं त्याला तीनदा सांगावं लागलं. अंगणात पेरूच्या झाडाखाली बाजेवर आजी बसली होती. गिरजाबाई तिचं नाव. नवरा, भैयालाल, रेल्वेत होता, दुर्ग लाइनवर. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊराव हाताच्या अंतरापेक्षा चांगले लांब, विहिरीच्या कट्ट्यावर टेकले आणि त्यांनी नमस्कार केला. आजीनं त्यांच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

भाऊरावांनी घसा साफ केला आणि सांगायला घेतलं. नागपूरची फौज वेशीवर होती, आजी. राजा काही उठला नाही. ते थांबले. आजी गप्प. ते थोडं पुढं गेले, पुन्हा थांबले. आजी झाडावरच्या पोपटाकडे बघत होती. इथंही तेच. आपल्या बोलण्यातच काही राहिलं नाही, पोरांचं तरी काय चुकलं, असं भाऊरावांच्या मनात आलं. उन्हानं कपाळावर घाम आला होता. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि रुमालानं तोंड पुसलं.

"अगे माय," आजी म्हणाली. "हा त फोनातला मास्तर." तिच्या तोंडावर सगळ्या सुरकुत्या हसल्या. "बोल ना बाप्पा. थांबला कावून?"

भाऊराव बोलले. भोसल्यांच्या तोफा वाड्यावर सुरू झाल्या. "मंग?" वाड्याचा एक भाग कोसळला. "मंग?" राजा तरी उठला नाही. शेवटी राणीच तटावर चढली आणि तिनं पांढरं निशाण दाखवलं. दरवाजे उघडले. "मंग?"

"मंग काही नाही, आजी. संपलं."

"मंग?" आजी म्हणाली.

राजकुमार मघापासून दारात चुळबुळत होता. तो पुढं आला आणि त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, "सर, आजीले ऐकू नाही येत. बहुत साल हो गए. आजोबा होते तेव्हापासूनच. तोंड हललं की पाहत राहते, आणि थांबलं की मंग म्हणते. आमच्यासंगही तसंच करते."

कॉलेजच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेली ती अखंड हजेरी, तो हिरा, आपलं ते दाढी करणं, सगळं भाऊरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. रतनपूरचा एक शब्दही कोणी ऐकला नव्हता. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडूच आलं. मग ते आजीकडे वळले, आणि तिला दिसावं म्हणून तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, की ऐकू येत नाही तर हुंकारा कशाला देता.

आजीनं त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. तिला कळलं असावं.

"कोणी बोलून राहिलं त हुंकारा द्या लागते," ती म्हणाली. "नाही त त्याले वाटते, मी एकटाच हाओ. आमचे हे ड्यूटीवरून आले का हातपाय धुवायच्या आधी सांगाले बसत. कोणती मालगाडी कुठं अडली, कोण साहेब रागावला. मले अर्धंही नव्हतं ऐकू येत. मी आपली मंग-मंग करो. त्याइले बरं वाटे." ती जरा थांबली. "मले त सांगायचंच राहून गेलं, ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी मी काय पाहिलं ते. कोणाले सांगू? हे पोरं म्हणतात, आजी, तू झोप."

भाऊराव ऐकत होते.

"त्या दिवशी मी सकाळीच दारात उभी होती," आजी म्हणाली. "पाहतो त काय, हे अर्ध्या रस्त्यातून परत येऊन राहिले."

इथं आजी थांबली आणि भाऊरावांच्या तोंडाकडे बघू लागली. पुढं बोलेना. पोपट उडून गेला, राजकुमार आत पाणी आणायला गेला, तरी ती बघतच होती. ती काय मागते आहे हे कळायला भाऊरावांना वेळ लागला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून घेतलेली ती वस्तू त्यांना स्वतःला कधी कोणाला द्यावी लागली नव्हती. वैशाली नगरातल्या घरी, ओट्यापाशी, कितीदा तरी कोणीतरी असंच थांबून त्यांच्याकडे पाहिलं असेल, हे त्यांना आत्ता, मरोद्याच्या अंगणात दिसलं.

त्यांनी मास्क चांगला खाली ओढला.

"हं," भाऊराव म्हणाले. "मंग?"

आजीला ते ऐकू आलं नाही. पण ओठ हलले एवढं तिला दिसलं, आणि ती पुढं सांगू लागली.